ठेंगणी गाडी

नागोराव नाहीसा झाला त्याला चौथं वर्ष लागलं, आणि त्याच उन्हाळ्यात मनकर्णानं त्याची मोटरसायकल दौलत मिस्त्रीकडं नेली. चालवत नाही, ढकलत. नार्नूरच्या बाजाराच्या रस्त्यानं एक ठेंगणी बाई एवढी थोरली राजदूत ढकलत निघालेली पाहून एकदोघे हात लावायला पुढं आले, पण तिनं मानेनंच नको म्हटलं.

दौलतला गाडी ओळखायला वेळ लागला नाही. नागोराव होता तेव्हा ती त्याच्याकडंच यायची. नागोराव मलेरिया खात्यात होता. गोंडांच्या गुड्यागुड्यांत, वस्त्यावस्त्यांत हिंडायचं, तापलेल्या माणसाच्या बोटाचं रक्त काचेच्या पट्टीवर घ्यायचं, गोळ्या द्यायच्या, हे त्याचं काम. माणूस असा उंच, की आरोग्य केंद्राच्या दारातून आत शिरताना मान वाकवावी लागे. गाडीवर बसला की गुडघे वर येऊन हँडलला लागत, म्हणून दौलतनंच मागं त्याला सीटची गादी उंच करून दिली होती आणि मागचे शॉकअप लांब बसवले होते. आता त्याची बायको म्हणत होती, माझे पाय जमिनीला टेकतील इतकी खाली करून दे.

मनकर्णा मास्तरीण होती. खैरगुड्याच्या शाळेवर तिची बदली झाली होती. बस फाट्यापर्यंतच जायची, आणि पुढची जीप फक्त बाजाराच्या दिवशी यायची. गाडी चालवायला तिला नागोरावानंच शिकवलं होतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, शाळेमागच्या मैदानावर. तिचे पाय खाली पोचत नव्हते. म्हणून तो मागं बसायचा आणि गाडी थांबली की आपल्या लांब तंगड्या दोन्हीकडं टाकून धरायचा. “तू चालव, पाय मी टेकवतो,” असं म्हणायचा. मैदानाबाहेर ती कधी गेली नाही, पण हात विसरला नव्हता.

दौलतनं काम मनापासून केलं. गादी सोडवून आतला फोम कापला. पुढच्या शॉकअपच्या नळ्या चिमट्यातून वर सरकवून घेतल्या. मागचे लांब शॉकअप काढून आखूड बसवले. गाडी खाली आल्यावर स्टँडवर नीट उभी राहीना, उलट्या अंगावर पडायला बघे, म्हणून साइड स्टँडचा तुकडा कापून पुन्हा वेल्डिंग केलं. मग हँडल जरासं मागं वळवलं आणि म्हणाला, “बसा वैनी.”

मनकर्णा बसली. दोन्ही पाय सपाट जमिनीला लागले. ती थोडा वेळ आपल्या चपलांकडंच बघत राहिली.

“एक ध्यानात ठेवा,” दौलत म्हणाला. “ही आता एकट्या मानसाची गाडी झाली. मागच्या चाकात आन मडगार्डात बोटभरच जागा उरली हाय. मांगं कोनाले बसवलं, की चाक वर येऊन मडगार्डले घासन. तसं चालवू नका.”

काढलेले लांब शॉकअप त्यानं एका पोत्यात बांधून तिच्या हवाली केले.

घरी रुक्माबाई ओट्यावरच बसलेली होती. नागोरावाची आई. तिनं गाडी पाहिली, उठून जवळ आली, सीटवर हात ठेवला आणि तो किती खाली गेला हे बघितलं.

“तो आल्यावर त्याचे गुडघे कुटं मावतीन?” तिनं विचारलं.

मनकर्णानं पोतं खाली ठेवलं. म्हातारीनं पोतं उचललं, उघडून पाहिलं, शॉकअप आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि आपल्या खाटेखाली सरकवून ठेवले. त्यानंतर बरेच दिवस ती सुनेशी कामापुरतंच बोलली.

तिचं तसं वागणं मनकर्णाला कळत होतं. नागोराव मेला असं कोणी पाहिलं नव्हतं. भादव्यातल्या झडीत तो खैरगुड्याच्या अंगाला ड्यूटीवर गेला आणि परत आला नाही. गाडी सापडली बिब्याच्या चढावर, रस्त्याच्या कडेला, व्यवस्थित स्टँडवर लावलेली. मागच्या चाकातली हवा गेलेली होती. माणसाचा पत्ता नव्हता. पोलिसांनी चौकशी केली, नाले धुंडाळले, मग तपास थंडावला. कोणी म्हणालं जंगलातल्या दलमवाल्या नक्षल्यांनी नेला, कोणी म्हणालं वाघानं, आणि ज्यांना दुसऱ्याच्या घरात तोंड घालायची सवय होती ते म्हणाले, चंद्रपुराकडं दुसरं बिऱ्हाड केलं असेल. रुक्माबाईनं यातलं काहीच मनावर घेतलं नाही. पोरगा कामावर गेला आहे, यायचा आहे, एवढंच ती धरून बसली. गाडी उंच होती तोवर त्याची जागा शाबूत होती. ती सुनेनं कापून टाकली, असं तिला झालं.

शाळा उघडली आणि मनकर्णा गाडीवरून जायला लागली. पंजाबी ड्रेस, पाठीला पिशवी, डोक्याला घट्ट रुमाल. पहिले काही दिवस लोक उभं राहून बघत. मग सवय झाली. मुलांना तर मोठीच मौज वाटायची. सकाळचा रस्ता तिला आवडे. नार्नूर सोडलं की दोन्हीकडं कपाशी आणि ज्वारी, मग गावच्या उद्धवरावांच्या शेताच्या बांधाची, धुऱ्यावरची मोठी बाभूळ, मग रान सुरू होई आणि बिब्याचा चढ लागे. चढाच्या माथ्यावर, जिथं गाडी सापडली होती तिथं, ती इकडंतिकडं न बघता पुढं जाई.

घासण्याचा आवाज पहिल्यांदा आला तो पावसाळा अर्धा सरल्यावर. शाळा सुटून ती परत येत होती. ऊन पडलेलं होतं. चढाच्या माथ्यावर खड्डा चुकवायला तिनं गाडी हळू केली, आणि मागचं अंग एकदम खाली बसलं. चाकातली हवा गेली असं वाटून तिनं उतरून पाहिलं. हवा होती. पुन्हा बसली, निघाली, तर मागं खर्र खर्र सुरू झालं. प्रत्येक गचक्याला चाक मडगार्डला लागत होतं. उतारभर तसंच. बाभळीजवळ आल्यावर गाडीला मागून हलकासा हिसका बसला, मागचं अंग वर आलं आणि आवाज बंद झाला. मागं बसलेला माणूस गाडी पुरती थांबायच्या आधीच उडी मारून उतरला, की जसं होतं, अगदी तसं.

तिनं मागं वळून पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. बाभळीखाली दोन शेळ्या उभ्या होत्या, त्याही तिच्याकडं बघत नव्हत्या, धुऱ्याकडं बघत होत्या.

रस्ता खराब आहे, शॉकअप नवे आहेत, बसायचे आहेत, अशी तिनं मनाची समजूत घातली. पण दुसऱ्या दिवशी तेच झालं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. जाताना कधीच नाही, येतानाच. चढावर वजन पडायचं आणि बाभळीपाशी उतरायचं. तिनं गाडी जोरात काढून पाहिली, तरी माथ्यावर मागचं अंग बसलंच. एकदा ती माथ्याच्या अलीकडंच उतरली आणि गाडी ढकलत निघाली. त्या जागेवर आल्यावर गाडी अशी जड झाली, की तिला ती पुढं रेटता येईना. बसल्याशिवाय इलाज नव्हता.

तिला भीती वाटली का? वाटली, पण वाटायला हवी होती तशी नाही. पाठीला गार लागायचं.  तरी तिनं गाडी घरी ठेवली नाही. शाळेत कोणाला ती बोलली नाही. घरी तर नाहीच.

दसरा झाल्यावर ती गाडी दौलतकडं घेऊन गेली, चेन ढिली झाली म्हणून. चेन ताणता ताणता दौलतनं मागं वाकून पाहिलं, मग हात आत घालून चाचपलं. मडगार्डचा आतला रंग निघून पत्रा चांदीसारखा झाला होता.

“वैनी, मांगं कोन बसते?”

“कोनी नाई.”

“मी काई म्हनत नाई. कोनी मास्तर असन, गुड्यातलं कोनी बाईमानूस असन. पन बसवू नका सांगलं होतं मी.”

“कोनीच बसत नाई, दौलतभाऊ.”

दौलतनं तिच्याकडं पाहिलं. मग तिला पुढं बसायला लावून तो स्वतः मागं बसला आणि दोन्ही पाय उचलून धरले. गाडी खाली गेली. त्यानं वाकून पाहिलं, चाक आणि मडगार्ड यांत अजून थोडीशी फट होती. तो उतरला आणि हात पुसायला लागला, स्वच्छ होईस्तोवर पुसले तरी पुसतच राहिला.

“माझ्या वजनानंबी एवढं लागत नाई,” तो शेवटी म्हणाला. “हा कोनी माझ्यापेक्षा जड हाय.” आणि मग खाली बघून, “कुटून घासते?”

तिनं सांगितलं. चढावरून. दौलतला ती जागा कोणती, हे सांगावं लागलं नाही. तिथून पंक्चर झालेली गाडी त्यानंच टेम्पोत घालून आणली होती.

त्यानं जुने लांब शॉकअप पुन्हा बसवून देतो म्हटलं. पाय थोडे कमी टेकतील, पण घासणं बंद होईल. मनकर्णानं नाही म्हटलं. घासणं बंद झालं, तर वजन पडलं की नाही हे आपल्याला कळणार नाही, हा विचार तिच्या मनात आला. तो आल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

मग बैलगाडीचा प्रसंग झाला. उतारावर एका वळणाला समोरून गवत भरलेली बैलगाडी आली. तिनं ब्रेक दाबला. चाक मुरमावरून घसरलं आणि गाडी डाव्या अंगाला कलंडली. पाय टेकला होता, पण मुरूम पायाखालून सरकत होता, आणि एवढं धूड एकदा कललं की तिच्या ताकदीनं सावरण्यातलं नव्हतं. आता पाय गाडीखाली सापडणार, म्हणून तिनं डोळे मिटले. गाडी पडली नाही. अर्धवट कललेली तशीच थांबली, आणि मग सावकाश सरळ झाली, कोणी मागून दोन्हीकडं पाय रोवून उचलल्यासारखी. बैलगाडीवाला म्हातारा कासरा ओढून बसला होता. बैल पुढं यायला तयार नव्हते. त्यानं चाबूक काढला नाही. खाली उतरला, बैलांच्या डोळ्यांवर आपलं मुंडासं धरलं आणि त्यांना रस्त्याच्या कडेनं घेऊन गेला. जाताना त्यानं मनकर्णाला हात जोडले. ते तिला जोडले की तिच्या मागं, हे तिला कळलं नाही.

त्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली. गाडी चालवता चालवता, मागं न बघता, शाळेतलं काहीबाही. तिसरीतली एक पोरगी पाढे म्हणताना सातावरच का अडते. सासूला ती आत्या म्हणे; आत्या माझ्याशी धड बोलत नाहीत, हेही. मग रोजच बोलायला लागली. खर्र खर्र आवाजाची तिला इतकी सवय झाली, की सुट्टीच्या दिवशी घरी करमेना. रविवारी दुपारी ती उगाच उठून गाडी पुसत बसायची. आपण एकटं राहायला शिकत होतो, आता पुन्हा नव्यानं बायको होत चाललो आहोत, हे तिला समजत होतं. आवरता येत नव्हतं.

एक गोष्ट मात्र टोचत होती. तो घरी येत नव्हता. रोज बाभळीपाशी उतरून जात होता. इथून घर दिसतं, आई ओट्यावर बसलेली असते, तरी येत नाही. गाडी कापली म्हणून रागावला का? एका संध्याकाळी, ऊन कपाशीवर पिवळं पडलेलं असताना, तिनं बाभळीच्या आधीच विचारलं, “घरी काऊन येत नाई?”  बाभूळ आली, मागून हिसका बसला, गाडी वर उठली. ती तिथंच हँडलवर डोकं टेकून रडली.

घरी गेल्यावर तिनं रुक्माबाईला सगळं सांगितलं. म्हातारी निवडत असलेलं सूप खाली ठेवून ऐकत राहिली.  शेवटी एवढंच म्हणाली, “उद्या मले घेऊन चाल.”

दुसऱ्या दिवशी रुक्माबाई सुनेच्या मागं बसून खैरगुड्याला गेली. म्हातारी चिमणीएवढी, तिच्या वजनानं गाडी घासली नाही. दिवसभर ती शाळेच्या पडवीत भिंतीला टेकून बसली. पोरांनी पाणी आणून दिलं ते प्यायली, भाकरी खाल्ली नाही. शाळा सुटली तशी उठली आणि पदर खोचून तयार राहिली.

चढाच्या माथ्यावर तिनं सुनेला गाडी थांबवायला लावली. उतरली. रस्त्याच्या कडेला उभी राहिली. एखाद्या घरात पाहुण्यांना आधी जाऊ द्यावं तशी ती बाजूला सरली होती. गाडी खाली बसली. मनकर्णाला ते हातांत जाणवलं. मग रुक्माबाई पुन्हा चढली, पण सुनेला खेटून नाही. पार टोकाला, कॅरिअरच्या दांडीवर, मधे एका माणसाची जागा सोडून.

मनकर्णानं गाडी सोडली. चाक सारखंच घासत होतं. जळक्या रबराचा वास येत होता. उतारावर तिनं आरशात पाहायचा प्रयत्न केला. आरशात म्हातारीचा अर्धाच चेहरा दिसत होता, अर्धा कशानं तरी झाकल्यासारखा. पण झाकणारं काही दिसत नव्हतं. म्हातारीचे डोळे मिटलेले होते आणि उजवा हात पुढं होता, पोराच्या पाठीवर ठेवतात तसा.

“मनकर्णे,” ती मागून म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “ओला हाय तो. पार ओला हाय.”

 कशीबशी मनकर्णानं गाडी बाभळीपर्यंत आणली. हिसका बसला, गाडी वर आली, आणि तिनं वळून पाहायच्या आतच रुक्माबाई खाली उतरलेली होती. तिनं आपला तळवा सुनेपुढं धरला. तो ओला होता, आणि त्याला चिखलाचा वास होता, फार दिवस साठलेल्या पाण्यातल्या चिखलाचा. त्या महिन्यात पाऊस पडलेला नव्हता. वाटेला धूळ होती.

म्हातारी धुऱ्यावरून आत शिरली. मनकर्णा गाडी स्टँडवर लावून मागं धावली. रुक्माबाईला एवढं भरभर चालताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिचा एक हात जरा वर, जरा पुढं होता, उंच माणसाचं मनगट धरून चालावं तसा. आधी वेचणीला आलेली कपाशी होती, मग पडीत रान लागलं. तरोटा, गाजरगवत, आणि बोरीची जाळी. नार्नूरला चालत जायची ही आडवाट होती. पूर्वी लोक इकडूनच जात. म्हातारी जाळीला वळसा न घालता सरळ तिच्यात घुसली. काटे लुगड्याला लागले, तरी थांबली नाही.

“आत्या, थांबा.”

ती थांबली नाही. मनकर्णानं झेप घेऊन तिचा पदर दोन्ही हातांनी धरला आणि मागं ओढला. दोघी काट्यांत पडल्या. पडताना म्हातारीचा एक पाय गवतात गेला, आणि त्या गवताखाली जमीन नव्हती. सुटलेली माती खाली गेली. थोड्या वेळानं पाण्याचा आवाज आला.

विहीर होती. कठडा नाही, काठ नाही, वर नुसतं गवत माजलेलं. एक अख्खी बाजू खचून आत गेलेली.

रुक्माबाई रडली नाही. उठून बसली, काठापासून थोडी सरकली, मांडी घातली. “तू जाय,” ती सुनेला म्हणाली. “मानसं घेऊन ये. मी आता इथून उठत नाई.”

शेत उद्धवरावांचं होतं. ते जुने शेतकरी, बोलायला तिरसट. मनकर्णा त्यांच्या दारात गेली, आणि तिनं भूतबित काही न सांगता विहीर उपसायची आहे एवढंच म्हटलं. ते आधी तयार नव्हते. दुसऱ्या अंगाला मोटार बसवल्यापासून ती विहीर सोडून दिली आहे, तिच्यात काय आहे, असं म्हणाले. मनकर्णानं विचारलं, ती खचली कधी. उद्धवराव सांगायला लागले आणि मधेच थांबले. चार साल झाले, पाचवं लागलं. भादव्यातली झड होती. सगळं शेत पाण्याखाली होतं, विहीर कुठं आणि शेत कुठं हे मालकालाही उमजत नव्हतं. पाणी उतरल्यावर बघितलं तर ती बाजू गेलेली.

ते आत गेले, धोतर सावरून, टोपी घालून बाहेर आले आणि गड्यांना हाका मारल्या.

पाणी उपसायला आणि गाळ काढायला काही दिवस लागले. पोलीस आले, पंचनामा झाला. रुक्माबाई दिवस उगवला की तिथं येऊन बसायची. उद्धवरावांच्या घरून तिच्यासाठी भाकरी यायची. पूर्वी त्या घरची भाकरी तिच्या घरच्यांना दुरून मिळायची. आता उद्धवरावांची बायको रेणुकाबाई स्वतः घेऊन येई आणि म्हातारी खाईस्तोवर तिच्याजवळ बसे. खचलेल्या मातीखाली, पार तळाशी, हाडं सापडली. मांडीचं हाड हातात घेतलेला गडी दुसऱ्याकडं बघायला लागला, एवढं ते लांब होतं. त्याच्याजवळच पत्र्याचा एक डबा निघाला. पत्रा सडला होता, पण आतल्या काचेच्या पट्ट्या अख्ख्या होत्या. गाळातून काढून धुतल्यावर त्या उन्हात चमकल्या.

आता सगळं उघड होतं. चाकातली हवा गेली, म्हणून नागोरावानं गाडी चढावर लावली आणि तो पायी निघाला. झड वाढली तसं लवकर घर गाठायला बाभळीपासून आडवाट धरली. पाण्याखालची विहीर त्याला दिसली नाही.

भंतेजी आले, पांढऱ्या कपड्यांत माणसं जमली, त्रिशरण-पंचशील म्हटलं गेलं. अग्नी दिला. दौलत आला होता, मागं उभा राहिला. जाताना तो मनकर्णाला म्हणाला, की मडगार्ड आतून रंगवून देतो, नाहीतर गंज चढेल. ती बरं म्हणाली. उद्धवरावांनी विहीर बुजवायचं म्हटलं, पण रुक्माबाईनं नको म्हणून सांगितलं. पाणी चांगलं आहे, कठडा बांधा, असं म्हणाली. त्यांनी छातीइतका कठडा बांधला.

शाळेत मनकर्णा पुन्हा रुजू झाली तो दिवस थंडीचा होता. सुटल्यावर ती चढाच्या माथ्यावर आली, गाडी थांबवली आणि इंजिन चालू ठेवून वाट पाहिली. बिब्याच्या झाडांतून वारा येत होता. गाडी जशी होती तशीच राहिली, हलकी. तिनं आणखी वाट पाहिली. मग रस्त्यावरून एक गोंड म्हातारी मोळी घेऊन आली, ‘का थांबलीस’ असं काहीतरी आपल्या बोलीत विचारून पुढं गेली, आणि मनकर्णाही निघाली. उतारावर बोलायला तिचं तोंड उघडलं होतं. तिनं ते मिटलं. बाभूळ आली आणि गेली.

मडगार्ड तिनं लगेच रंगवून घेतलं नाही. दौलतनं दोनदा निरोप धाडला, तेव्हा कुठं गाडी नेली.

होळीच्या आधी रुक्माबाईनं आपणहून विषय काढला, की वांकिडीला पोरीकडं जाऊन राहावं म्हणते थोडे दिवस. ताराबाई, नागोरावाची बहीण, कितीदा बोलावून थकली होती. चार वर्षांत म्हातारी एक रात्र बाहेर राहिली नव्हती. तो येईल आणि घर बंद दिसेल, म्हणून त्या घराला कधी कुलूपच लागलं नव्हतं. आता कुलूप शोधावं लागलं. मिळालं ते गंजलेलं. मनकर्णानं त्यात खोबरेल सोडून किल्ली फिरवून फिरवून ते मोकळं केलं.

निघताना म्हातारी गाडीवर बसली ती सुनेला अगदी खेटून. एका हातात पिशवी, दुसरा हात मनकर्णाच्या कमरेभोवती. बसस्टँडवर आसिफाबादची बस लागलेली होती; वांकिडीला तिकडूनच जायचं. खिडकीजवळची जागा मिळाल्यावर रुक्माबाईनं वाकून बाहेर पाहिलं.

“घरी एकटी राह्यशीन का?” तिनं विचारलं.

“राहीन,” मनकर्णा म्हणाली.

“भेव वाटलं तर रेनुकाबाईकडं जाय. मी सांगून ठेवलं हाय.”

बस सुटली. मनकर्णा ती वळणाआड होईस्तोवर उभी राहिली, मग बाजारातून मेथीची जुडी घेतली आणि घरी आली. कुलूप काढलं. आत सगळं जिथल्या तिथं होतं. तिनं चूल पेटवली, एकटीपुरतं पीठ परातीत घेतलं, आणि पाणी घालायच्या आधी जरा वेळ दाराकडं कान देऊन उभी राहिली. बाहेर कोणी नव्हतं. तिनं पीठ मळायला घेतलं.